सावकाश

सुरत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर १६६४ सालची घोडदौड उभी राहते. दिवाळीच्या सुट्टीत उधन्याला ताईकडे गेलो, तर तिथे निराळीच दौड चालू होती. भाच्याने टीव्हीसमोर स्टुलावर खेळातले स्टिअरिंग बसवले होते आणि पाय जमिनीवरच्या पेडलवर. चहा देता देता ताई हळूच म्हणाली, ‘‘अरे, त्याला आता दाजींच्या मोटारसायकलची चावी पाहिजे. सोळा वर्षांचा झालाय नुसता. मित्रांबरोबर डुमस रोडला जायचं म्हणतोय. सगळं या गेममुळं. तू मास्तर आहेस, समजाव त्याला.’’

समजावणार काय? मी स्वतः निपाणीत पिवळ्या कॅसेटच्या टीव्ही गेमवर ‘रोड फायटर’ खेळत वाढलो. कोनामी या जपानी कंपनीचा हा खेळ १९८४ चा. गाडी वरून दिसायची, काटा चारशेवर जायचा आणि धडक बसली की पेट्रोल कमी व्हायचे, बस. त्यात ब्रेक लावल्याचे मला आठवत नाही.

खरे तर या खेळांचा वंश त्याहून जुना. अमेरिकेतल्या अटारी कंपनीने १९७४ मध्ये ‘ग्रॅन ट्रॅक १०’ आणला. त्याला स्टिअरिंग, गिअर आणि पेडल होते. १९७६ च्या त्यांच्या ‘नाइट ड्रायव्हर’मध्ये रस्ता काढायची ताकद यंत्रात नव्हती. म्हणून काळोख दाखवला, कडेला पांढरे खांब पळवले आणि आपली गाडी म्हणून पडद्यावर चक्क एक चित्र चिकटवले! त्याच वर्षी दुसऱ्या एका कंपनीचा ‘डेथ रेस’ आला. त्यात माणसासारख्या आकृती चिरडल्या की गुण मिळत. त्यावर अमेरिकेत मोठा गदारोळ झाला. म्हणजे ताईची काळजीसुद्धा तेवढीच जुनी.

पुढे १९८२ मध्ये नामको कंपनीच्या ‘पोल पोझिशन’ने जपानमधला फुजी हा खरा शर्यतमार्ग पडद्यावर आणला. १९८६ च्या सेगाच्या ‘आउट रन’मध्ये गाडी उलटली की आतली जोडी बाहेर फेकली जाई आणि क्षणात पुन्हा गाडीत बसून निघे. उडुपीच्या ‘९९ गेम्स’ने २०१३ मध्ये ‘धूम ३’ चित्रपटावर मोबाइलसाठी दुचाकीचा खेळ केला, तेव्हा आपल्याकडच्या कानडी घरांनाही कौतुक वाटले असेल.

पण मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो १९९७ चा ‘ग्रान तुरिस्मो’. काझुनोरी यामाउची यांच्या या खेळात मोठ्या शर्यतींना उतरण्याआधी परवान्याची परीक्षा द्यावी लागे. पहिला धडा कोणता? गाडी सुरू करायची आणि आखलेल्या जागेत थांबवायची! भाचा त्याच मालिकेतला नवा खेळ खेळत होता. मी विचारले, ‘‘यात अवघड काय रे?’’ तो म्हणाला, ‘‘ब्रेक, मामा. ॲक्सिलेटर कुणी पण दाबतं. रेस ब्रेकवर जिंकतात.’’

मग मी त्याला यान मार्डनबरोची गोष्ट सांगितली. ती त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. हा ब्रिटिश मुलगा हाच खेळ खेळत २०११ ची स्पर्धा जिंकला आणि खराखुरा रेसर झाला. त्याच्यावर २०२३ मध्ये चित्रपटही निघाला. ‘‘आणि २०१५?’’ मी विचारले. भाचा गप्प झाला. त्या वर्षी जर्मनीत न्यूरबुर्गरिंगवर त्याची गाडी हवेत उडून कुंपणापलीकडे गेली आणि एक प्रेक्षक दगावला. इतके शिकलेला हात, राखलेला मार्ग, तरी हे झाले. डुमस रोडवर तर कुंपणही नाही.

खेळाला दोष देऊन मला मोकळे होता येत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक मुलगा मोटारसायकलवरून गेला, तो परत आलाच नाही. तो कधी असले खेळ खेळल्याचे मी ऐकले नव्हते. त्याच्या हाती चावी मात्र होती, आणि ती घरातूनच मिळालेली. कित्येक दिवस हजेरी घेताना त्याच्या नंबरापाशी माझी जीभ अडायची. म्हणून त्या रात्री मी भाच्याऐवजी दाजींशी बोललो. गिअरच्या गाडीला अठरा वर्षे पुरी लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. दाजींनी काही न बोलता चावी ताईच्या हाती दिली. भाचा दोन दिवस माझ्यावर रुसला.

निघायच्या दिवशी तो सायकलवरून क्लासला निघाला होता. तेवढ्यात निपाणीहून आईचा फोन आला. सवयीने ती कानडीत म्हणाली, ‘‘सावकाश होगप्पा.’’ सुरतेत वाढलेल्या पोराला कानडी कुठले? पण तो थांबला आणि म्हणाला, ‘‘मामा, आजी मराठीत बोलली की कानडीत?’’

म्हटले, ‘‘दोन्हींत.’’