विश्लेषण : स्वस्त ड्रोन, महागडी क्षेपणास्त्रे… हवाई संरक्षणाचे गणित कसे जुळणार?

स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी २०३५ पर्यंत ‘सुदर्शन चक्र’ हे देशव्यापी हवाई कवच उभारण्याची घोषणा केली. या कवचात सर्वात दूरवर मारा करणारे क्षेपणास्त्र कोणते, यावरच चर्चा रंगते. खरा प्रश्न वेगळा आहे. शत्रूने रोज शेकडो ड्रोन पाठवले, तर ते किती दिवस आणि किती खर्चात पाडता येतील?

मे २०२५ मध्ये काय दिसले?

८ मेच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचे सरकारने सांगितले. संघर्षाच्या त्या दिवसांत एस-४०० आणि ‘आकाश’ यांचे कौतुक झाले, ते योग्यच. पण ड्रोन पाडण्यात एल-७० तोफाही उपयोगी ठरल्या. मूळ स्वीडिश बनावटीच्या या ४० मिलिमीटर तोफा १९६०च्या दशकात लष्करात आल्या. नवे रडार आणि कॅमेरे बसवल्याने त्यांना दुसरे आयुष्य मिळाले.

खर्चाचे गणित काय?

इराणी बनावटीच्या ‘शाहेद’ ड्रोनची किंमत २० ते ५० हजार डॉलर सांगितली जाते. ‘पॅट्रियट’चे एक आधुनिक क्षेपणास्त्र मात्र सुमारे ४० लाख डॉलरचे. असे ड्रोन क्षेपणास्त्रांनी पाडत राहिल्यास पाडणाराच आधी कंगाल होतो. बचावाचा साठा रिकामा करणे, हाच अशा हल्ल्यांचा एक हेतू असतो.

मग लढाऊ विमाने नकोत?

असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. युक्रेनमध्ये दोन्ही बाजूंच्या हवाई संरक्षणामुळे कोणालाही आकाशावर पूर्ण पकड मिळवता आली नाही आणि युद्ध खंदकांत अडकले. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर भारताकडे ४२ मंजूर स्क्वाड्रनपैकी २९ उरल्या. ८३ तेजस मार्क-१ए विमानांचा करार २०२१ मध्ये झाला, पण इंजिनांच्या पुरवठ्यातील विलंबाने वेळापत्रक कोलमडले. ही तूट तोफा किंवा ड्रोन भरून काढू शकत नाहीत.

पुढे काय करावे?

‘सुदर्शन चक्रा’त सर्वात खालच्या थराला आधी निधी हवा. तोफा, जॅमर, छोटी रॉकेट्स यांची संख्या वाढली, तर महागडी क्षेपणास्त्रे विमाने आणि शत्रूच्या क्षेपणास्त्रांसाठी राखून ठेवता येतील. एप्रिल २०२५ मध्ये डीआरडीओने कुर्नूलला लेझर अस्त्राची चाचणी घेतली. मात्र धूळ, धुके, पाऊस या लेझरच्या मर्यादा आहेत. नागपूरच्या सोलार समूहाच्या ‘भार्गवास्त्रा’ची मे महिन्यात ओडिशात गोपाळपूरला चाचणी झाली. ड्रोनच्या थव्यावर सूक्ष्म रॉकेट्स सोडणारी ही यंत्रणा आहे. अशा प्रयोगांची वाट खरेदीच्या फायलींत अडायला नको. ड्रोनचे तंत्र काही महिन्यांत बदलते, आपली खरेदी प्रक्रिया वर्षानुवर्षे चालते. हे अंतर मिटवले नाही, तर २०३५ मध्ये उभे राहणारे कवच २०२५च्या धोक्यांसाठी बनवलेले असेल.