खर्जाच्या तारेचा तंटा

ज्या वाद्याचा आवाज सामान्य श्रोत्याला गाण्यातून वेगळा काढून दाखवता येत नाही, परंतु जे मध्येच थांबले तर सारे गाणे निराधार झाल्याचे त्याच श्रोत्याला तत्काळ जाणवते, त्या बेस गिटारच्या वादकांमध्ये एक तंटा गेली कित्येक दशके चालू आहे. आणि ज्या अर्थी आपल्याही शहरांतून गिटारचे वर्ग गल्लोगल्ली निघाले आहेत, त्या अर्थी तो आपल्या दाराशी येऊन ठेपला आहे असे समजावयास हरकत नाही. खर्जाची ती जाड तार उघड्या बोटांनी छेडावी की पिकने, एवढाच वादाचा विषय. विषय वरकरणी क्षुल्लक खरा, परंतु त्याच्या पोटी जो ग्रह दडलेला आहे तो क्षुल्लक नव्हे. बोटांनी वाजवणारा तो अस्सल बेसवादक, आणि पिक धरणारा म्हणजे गिटारमध्ये डाळ न शिजल्यामुळे इकडे वळलेला उपरा, अशी एक वर्णव्यवस्था या मंडळींनी मनाशी मुक्रर करून टाकली आहे, आणि काही शिक्षक तर पहिल्याच दिवशी विद्यार्थ्याच्या हातातील पिक काढून घेण्यात गुरुपदाची सार्थकता मानतात. हा ग्रह इतिहासाला धरून नाही, ध्वनिशास्त्राला धरून नाही, आणि शिक्षणाच्या दृष्टीने तर तो सरळ अपायकारक आहे, असे माझे मत आहे.

प्रथम इतिहासाचे दफ्तर उघडून पाहू. व्यापारी दृष्ट्या यशस्वी ठरलेला पहिला विद्युत बेस, म्हणजे ‘प्रिसिजन बेस’, कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर यांनी 1951 साली बाजारात आणला. तोवर बेसवादकाला पुरुषभर उंचीचा डबल बेस पाठीशी घेऊन गावोगाव हिंडावे लागे, आणि एवढे करून ड्रम व विद्युत गिटार यांच्या कल्लोळात त्याचा आवाज बुडून जाई तो जाईच. फेंडर हे मूळचे हिशेबनीस, पुढे रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवणारे, आणि स्वतःला गिटार वाजवता न येणारे गृहस्थ; परंतु वादकांच्या अडचणी ऐकून घेण्याचा त्यांचा कान मोठा तयार होता. त्यांनी 34 इंच लांबीच्या चार तारा ताणल्या, स्वर नेमका लागावा म्हणून पडदे बसवले, आणि सर्वांत बारीक तारेच्या खालच्या अंगाला एक लहानशी पट्टी स्क्रूने घट्ट केली. ही पट्टी बोटांनी धरून ठेवावी आणि तार अंगठ्याने छेडावी, अशी ती योजना होती! म्हणजे वाद्याच्या निर्मात्याच्या मनात ना दोन बोटे होती, ना पिक. होता तो अंगठा. सत्तरीच्या दशकात ती पट्टी वरच्या अंगाला गेली, कारण तोवर वहिवाट पुरती बदलून गेली होती. डबल बेस सोडून जे आले त्यांनी बोटांची सवय बरोबर आणली, आणि गिटार सोडून जे आले त्यांनी पिक आणले. तेव्हा मूळ सनद दाखवून हक्क शाबीत करावयाचा झाला, तर तो या दोन्ही पक्षांपैकी कोणालाही करता येणार नाही.

आता प्रत्यक्ष तारेवर काय घडते ते पाहावे. तर्जनीचा पेरा हा रुंद व मऊ असतो. तो तारेला खेचत नेतो आणि ती हळूच सुटते, आणि या सुटण्याच्या क्रियेत वरचे बारीक उपस्वर त्या मांसल स्पर्शातच बव्हंशी विरून जाऊन मूळ स्वर भरीव व गोल होऊन उमटतो. पिक हे अरुंद व कठीण. ते तारेला एका बिंदूवर गाठते आणि क्षणार्धात सोडते, त्यामुळे स्वराच्या आधी एक स्वच्छ ‘टक्’ ऐकू येतो आणि मागाहून उपस्वरांचा सारा परिवार खणखणीत उभा राहतो. पिकची जाडी, त्याचे सेल्युलॉइड किंवा नायलॉन, त्याची झिजलेली वा धारदार कड, यांपैकी प्रत्येक गोष्टीने हा ‘टक्’ बदलतो. परंतु तार कशाने छेडली याइतकेच, किंबहुना काही वेळा त्याहून अधिक, ती कोठे छेडली याला महत्त्व आहे. घोडीजवळ आघात केला तर बोटाचा आवाजही कडक निघतो, आणि मानेकडे सरकून वाजवले तर पिकही नरमते. जॅको पास्टोरियस यांनी 1976 साली आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेने जगाला थक्क केले तेव्हा बिनपडद्यांच्या बेसचा जो रेखीव, काहीसा नाकातला आवाज लोकांनी ऐकला, तो घोडीच्या निकट फिरणाऱ्या बोटांचा होता. बोटे म्हणजे मार्दव आणि पिक म्हणजे कर्कशता, हे समीकरण येथेच निकालात निघते.

आणखी एक बाब आहे, आणि तिचा संबंध वादकापेक्षा श्रोत्याशी अधिक आहे. बेसच्या सर्वांत जाड मोकळ्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे 41 असतात. इतका खोल स्वर लहान स्पीकरच्या कुवतीबाहेरचा आहे. तो आपल्याला ऐकू आल्याचा जो भास होतो, तो 82, 123 अशा वरच्या उपस्वरांवरून आपली श्रवणशक्ती हरवलेला मूळ स्वर पुन्हा जुळवून घेते म्हणून होतो. जेथे हे उपस्वरच क्षीण, तेथे बेस असून नसल्यासारखा. साठीच्या दशकात गाणी मोटारीतल्या आणि खिशातल्या रेडिओवर ऐकली जात, आणि म्हणूनच नॅशव्हिलच्या ध्वनिमुद्रणगृहांतून एक युक्ती रूढ झाली होती: खालचा भारदस्त स्वर डबल बेसने धरावयाचा आणि नेमकी तीच ओळ सहा तारांच्या विद्युत बेसवर, तारा तळहाताने दाबून, पिकने वाजवावयाची. या दुसऱ्या वादकाच्या कामाला तेथे ‘टिक्-टॅक’ असे नाव पडले होते. आज तीच गाणी आपण टीचभर मोबाइलवर ऐकतो, आणि पिकला नाके मुरडणारा रसिकही तेथे बेसची जी चाहूल घेतो ती पुष्कळदा त्या तिरस्कृत ‘टक्’च्याच आधाराने घेतो.

त्याच दशकातील दोन वादकांची साक्ष या कामी निर्णायक ठरावी. डेट्रॉइटमध्ये मोटाउन कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात जेम्स जेमर्सन हे बेस वाजवीत. मूळचे ते डबल बेसचे वादक. प्रिसिजन बेसवर ते उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने वाजवीत, आणि त्या एकट्या बोटाला त्यांच्या सोबत्यांनी ‘हुक’, म्हणजे आकडा, असे नाव ठेवले होते. तारा गुळगुळीत पट्टीच्या, त्याही होता होईतो न बदललेल्या, आणि घोडीच्या झाकणाखाली स्पंजाचा तुकडा, की जेणेकरून स्वराची आस लांबू नये. तिकडे लॉस एंजेलिसमध्ये कॅरल के या गिटारवादिका 1963 साली एका ध्वनिमुद्रणाला नेहमीचा बेसवादक न आल्यामुळे बेस हाती घेतात काय, आणि पाहता पाहता त्या शहरातील सर्वांत अधिक मागणी असलेल्या बेसवादकांत त्यांची गणना होते काय! त्या कडक पिकने वाजवीत, मनगटाच्या हालचालीने, ठोक्यावर खाली आणि ठोक्यांच्या मध्ये वर असा आघाताचा क्रम न चुकवता. बीच बॉइजच्या 1966 सालच्या ‘पेट साउंड्स’ या ध्वनिमुद्रिकेतील अनेक गाण्यांचा खर्ज त्यांचा आहे. तारा त्याही गुळगुळीत पट्टीच्याच लावीत, आणि घोडीपाशी तारांवर फेल्टची पट्टी चिकटवीत.

म्हणजे एकीकडे उघडे बोट, दुसरीकडे कडक पिक. परंतु आस आवरती घेण्याची दृष्टी दोघांचीही एकच. पुढे के यांनी मोटाउनच्या काही प्रसिद्ध गाण्यांतील बेस आपण वाजवला असल्याचे सांगितले, आणि जेमर्सन यांच्या बाजूच्या लोकांनी त्याचा साफ इन्कार केला. मोटाउनच्या तबकड्यांवर वादकांची नावे छापण्याचा रिवाज 1971 पर्यंत नव्हता, त्यामुळे लेखी पुरावा पडताळून पाहण्याची सोयही फारशी राहिली नाही. त्या दाव्यात तथ्य किती, याचा निवाडा करण्याचा येथे हेतू नाही. मला त्यातून एवढेच दाखवावयाचे आहे की, बोट आणि पिक यांच्या आवाजांत जर खरोखरीच जमीन-अस्मानाचे, सज्जन-दुर्जनाचे अंतर असते, तर असा वाद उभाच राहिला नसता. पहिला स्वर कानी पडताच प्रकरण खारीज झाले असते.

दोन्ही पद्धतींना आपापली वैगुण्ये आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. बोटांनी वाजवताना तर्जनी ‘ए’ तार छेडून शेजारच्या ‘ई’ तारेवर येऊन विसावते, आणि छेडणे व शेजारणीला गप्प बसवणे ही दोन्ही कामे एकाच हालचालीत उरकतात; पिकला ही मुभा नाही, त्याला शांततेची निराळी तजवीज तळहाताच्या कडेने व डाव्या हाताच्या बोटांनी करावी लागते. दूरच्या दोन तारा एकदम छेडणे हेही पिकच्या आवाक्यातले नव्हे. उलट, तर्जनी व मध्यमा यांची लांबी व ताकद सारखी नसल्यामुळे बोटांच्या वादनात एक स्वर ठळक व पुढचा फिका, असा दोष नकळत शिरतो, आणि तो घालवण्यास वर्षे खर्ची पडतात. राहिला वेगाचा मुद्दा. जलद वाजवण्यासाठी पिक हवेच, असे म्हणणाऱ्यांनी आयर्न मेडनच्या स्टीव्ह हॅरिस यांची घोडदौड ऐकावी, ती बोटांची आहे. आणि पिकने भावपूर्णता साधत नाही, असे म्हणणाऱ्यांनी पॉल मॅकार्टनी यांनी साठीच्या दशकात वाजवलेला बेस पुन्हा एकवार लक्ष देऊन ऐकावा. त्यातील कितीतरी सुरेल ओळी पिकच्या आहेत. अँथनी जॅक्सन यांनी तर दोन्ही हत्यारे सारख्याच अधिकाराने चालवली, आणि ओजेज या गायकवृंदाच्या 1973 सालच्या ‘फॉर द लव्ह ऑफ मनी’ या गाण्याच्या आरंभी त्यांनी पिकने जी ओळ वाजवली, तिच्यावाचून ते गाणे कोणाला आठवतही नाही.

मराठी वाचकाला तर या वादाचे नवल वाटण्याचे कारणच नाही, कारण आपल्या तंतुवाद्यांच्या परंपरेने तो केव्हाच सामोपचाराने मिटवलेला आहे. सतार पोलादी नखीने वाजते, सरोद नारळाच्या करवंटीच्या जव्याने वाजतो, आणि म्हणून सतारियाच्या किंवा सरोदियाच्या हृदयाशी तारेचे नाते दुरावले असा आक्षेप कोणी घेतल्याचे ऐकिवात नाही. रुद्रवीणेचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. बीनकारांत नखीची वहिवाट जुनी. परंतु पनवेलजवळ पळस्पे येथे ज्यांनी ध्रुपदाचे गुरुकुल उभे केले, त्या उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनी नखी दूर ठेवून उघड्या बोटांनी वीणा वाजवली, वीणेचा आकार वाढवला आणि तारा जाड केल्या, कारण त्यांना हव्या असलेल्या संथ आलापाला, लांबलचक मींडेला तसाच आघात अनुकूल होता. आधी स्वराचे रूप मनात ठरले, मग हाताने साधन निवडले, हा येथील क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. बेस गिटारच्या शुद्धिवाद्यांनी हा क्रम उलटा केला आहे. ते साधन आधी ठरवतात आणि स्वराला त्याच्या दावणीला बांधतात.

यावर असे म्हटले जाईल की, नवशिक्याला एकच मार्ग दाखवावा, दोन दाखवल्यास त्याच्या मनाचा गोंधळ उडतो. या म्हणण्यात तथ्यांश आहे. तारा गप्प ठेवण्याची शिस्त बोटांनी लवकर अंगी बाणते, म्हणून आरंभ बोटांनी करण्यास माझी ना नाही; परंतु आरंभीच्या सोयीला धर्माज्ञेचे रूप देणे हा शिक्षकाचा अधिकार नव्हे. सहा महिन्यांनी का होईना, पिक विद्यार्थ्याच्या हाती आलेच पाहिजे, आणि तेही तात्पुरती चैन म्हणून नव्हे, तर रीतसर अभ्यासाचा भाग म्हणून: आघाताची दिशा कशी राखावी, मनगट सैल कसे ठेवावे, तळहाताने आस किती तोडावी, हे सारे शिकवण्याचे विषय आहेत, आणि ते न शिकवता पिकचे वादन ओबडधोबड असते अशी तक्रार करणे म्हणजे पोहायला न शिकवता बुडणाऱ्याला दोष देणे होय. ध्वनिमुद्रणाच्या कामी जो तरुण जाईल, त्याला तेथे कोणी त्याचे तत्त्वज्ञान विचारणार नाही. या गाण्याला कडक आवाज हवा, त्याला मऊ हवा, एवढेच सांगितले जाईल, आणि ज्याला एकच येते त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी ज्याला दोन्ही येतात तो बसलेला दिसेल.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे की त्यांनी विद्यार्थ्याची परीक्षा डोळ्यांनी न घेता कानांनी घ्यावी. स्वर वेळेवर सुरू झाला का, वेळेवर थांबला का, आणि गायकाला त्याचा आधार मिळाला का, हे तीन प्रश्न विचारावेत. या तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर हातात पिक होते की नव्हते, ही चौकशी कोणीही करण्याचे कारण नाही.