थेंबाच्या आकाराचा फेरा

यात्रेतील पाळणा खाली येताना पोटात कसा गोळा उठतो, हे केंदूरच्या मुलांना सांगावयास नको. रुळांवरून पूर्ण उलटी होणारी गाडी हे त्याच हौसेचे पुढचे रूप होय. १८९५ साली अमेरिकेतील कोनी बेटावर अशा गाडीचा फेरा अगदी वर्तुळाकार होता. सपाट रुळावरून भरवेगाने येऊन ती एकदम वळे, आणि बसणाऱ्यांच्या माना दुखावत. १९७६ साली कॅलिफोर्नियात फेऱ्यास पाण्याच्या थेंबाचा आकार मिळाला : खाली रुंद, माथ्यावर निमुळता. आपल्या खोपोलीजवळ इमॅजिकात २०१३ साली सुरू झालेल्या ‘नायट्रो’तही तोच आकार दिसतो. धोका गेला तेथे मौज कसली, असे काहींना वाटेल. मजसारख्या हौशी माणसास ते मुळीच पटत नाही. माथ्यावर पोचताच पायांखाली आकाश येते, ते अजूनही येतेच!