गाभा कुणाला कळतो?

बांधावरचं चंदन चोरीला जातं, त्याआधी अनेकदा त्याच्या बुंध्यात भोक पडलेलं असतं. जमिनीपासून हातभर उंचीवर, बोट जेमतेम शिरेल एवढं. खाली चिमूटभर भुसा सांडलेला. चोर गिरमिट फिरवतो, आतला भुसा तळहातावर घेतो आणि हुंगतो. भुसा पांढरा, बिनवासाचा निघाला तर झाड सोडून पुढे जातो. पिवळसर तपकिरी आणि वासाचा निघाला तर एखाद्या रात्री करवत घेऊन परत येतो. गिरमिट नसलं तर कुऱ्हाडीचा घाव घालून पाहतो. त्या जखमेनं कच्चं झाडही खंगतं.

बीड जिल्ह्यात चंदनचोरीची बातमी नवी नाही. तिच्यात टोळी असते, पंचनामा असतो, पकडलेल्या मुद्देमालाचं वजन असतं. त्या भोकाचा उल्लेख मात्र नसतो. खरं तर सगळं दुखणं तिथंच आहे. चोरानं झाड तपासलं. मालकानं ते कधीच तपासलेलं नव्हतं.

चंदनाची किंमत तेलात आहे आणि तेल फक्त गाभ्यात आहे. पानाला, फुलाला, बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला तो वास नाही. गाभा धरायला साधारण दहा वर्षं तरी जातात, आणि तो किती धरला हे बाहेरून कळत नाही. एकाच वर्षी लावलेली, एकाच बांधावरची दोन झाडं कापली तर एकात मनगटाएवढा गाभा निघतो, दुसऱ्यात करंगळीएवढा. शिवाय पाणी-खत देऊन झाड जोमानं वाढवलं म्हणजे गाभा वाढतोच असं नाही. मुरमाड, कोरड्या जमिनीतल्या सावकाश वाढलेल्या झाडाचा गाभा चांगला, असं जाणकार पूर्वीपासून सांगत आले आहेत. गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याच्या शेतकऱ्यासाठी ही फार मोलाची माहिती आहे. मुरमाड रान त्याच्याकडे आहे. चंदनाच्या मुळांना शेजारच्या झाडाच्या मुळांतून अन्न ओढावं लागतं, त्यासाठी लागणारी तूरही त्याच्या शिवारात आहे. पण त्याला रोप विकणारा बोलतो ते एकरी कोटीच्या हिशोबाबद्दल. त्या हिशोबात प्रत्येक झाडाला सारखाच गाभा धरलेला असतो.

हा गाभा बारीक करून त्याचा भुगा वाफेवर दोन-तीन दिवस चालवला की तेल सुटतं. त्यातला मोठा वाटा सॅन्टालॉल या घटकाचा. तो सहजी उडत नाही आणि दुसऱ्या सुगंधालाही धरून ठेवतो. म्हणून कनौजचे अत्तरवाले गुलाब, केवडा, मोगऱ्याचा अर्क पिढ्यान्‌पिढ्या चंदनतेलातच उतरवत आले. तेल आवाक्याबाहेर गेलं तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांना पॅराफिनवर यावं लागलं. साबण, उदबत्ती, औषधं, परदेशी परफ्यूम, सगळीकडे मागणी याच तेलाला आहे. लाकूड विकण्यात आणि तेल विकण्यात किती अंतर आहे, हे म्हैसूर संस्थानानं पहिल्या महायुद्धात ओळखलं. तोवर तिथलं चंदन तेल काढायला युरोपात जात असे. युद्धानं ती वाट बंद झाली आणि 1916 मध्ये संस्थानानं स्वतःचा तेलाचा कारखाना काढला. साबण त्यानंतर आला.

आपल्याकडे काय आहे? 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत चंदन आहे. स्वतःच्या बांधावरचं झाड तोडायलाही मालकाला परवानगी लागते, आणि त्या बंधनाला माझा विरोध नाही. रानातलं चंदन ज्या वेगानं संपलं, ते पाहता बंधन हवंच. पण झाडावर एवढं लक्ष ठेवणारी व्यवस्था त्या झाडात काय आहे हे मालकाला सांगत नाही. म्हणून तो एक तर घाईनं कच्चं झाड विकतो, किंवा वाट पाहत बसतो आणि एका सकाळी त्याला नुसता खुंट दिसतो. खरेदीदार म्हणेल तो गाभा आणि खरेदीदार म्हणेल तो भाव. खरं तर मुळांच्या गाभ्यातही भरपूर तेल असतं. जाणता माणूस झाड मुळासकट काढतो. हेही अनेकांना व्यवहार होऊन गेल्यावर कळतं.

गाभा तपासायला झाड मारावं लागत नाही. वनशास्त्रज्ञांकडेही एक गिरमिटच असतं, पोकळ पात्याचं. त्यातून पेन्सिलीपेक्षा बारीक लाकडाची कांडी निघते. पांढरं लाकूड कुठं संपतं, गाभा कुठं सुरू होतो, हे तिच्यावर डोळ्यांनी दिसतं. तेलाचं प्रमाण प्रयोगशाळेत काढता येतं. भोक लगेच बुजवलं की झाड जगतं. बंगळुरूच्या काष्ठविज्ञान संस्थेत चंदनावर कित्येक वर्षं काम झालेलं आहे. ज्ञानाची वाण नाही. ते बंगळुरूहून गेवराईला पोचलेलं नाही, एवढंच.

चंदन लावा म्हणून सांगणाऱ्या खात्यांनी आता पुढची जबाबदारी घ्यावी. सातबाऱ्यावर चंदनाची नोंद असलेल्या शेतकऱ्याला दहाव्या वर्षानंतर मागेल तेव्हा गाभ्याची तपासणी करून मिळावी, तालुक्याच्या ठिकाणी, सरकारी दाखल्यासह. त्या दाखल्यावर त्याला भाव मागता येईल. पक्व झाड कोणतं हे ठरल्यावर तोडीची परवानगीही वेळेत देता येईल, आणि राखण नेमकी कुठं करायची तेही कळेल. एक गिरमिट, एक प्रशिक्षित माणूस आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याची सोय, एवढाच याचा खर्च आहे. गेवराई तालुक्यापासून सुरुवात करावी.