सिस्टर लिहितात ते कशासाठी?

हुपरीहून घरातील वृद्धांना कोल्हापूरच्या एखाद्या रुग्णालयात दाखल केले, की एक तक्रार हमखास माझ्या कानी येते: ‘सिस्टर पेशंटपेक्षा कागदाकडेच जास्त पाहतात.’ ते लेखन कशासाठी असते, हे आज समजून घेऊ.

त्यामागे ‘शुश्रूषा प्रक्रिया’ नावाची शिस्त आहे. आयडा जीन ऑर्लँडो या अमेरिकन परिचारिकेने १९६१ मध्ये तिचा पाया मांडला. आज तिच्या पाच पायऱ्या शिकवल्या जातात: पाहणी, अडचणीची निश्चिती, नियोजन, कृती आणि मूल्यमापन. समजा, आजींचे खुब्याचे हाड मोडले आहे. डॉक्टर केसपेपरवर अस्थिभंग लिहितात. सिस्टर लिहितात, ‘स्वतः कूस बदलता येत नाही, पाठीला जखम होण्याचा धोका.’ मग दर दोन तासांनी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे आणि टाचा व माकडहाड तपासणे ठरते. पुढच्या पाळीतील सिस्टरला हे त्या नोंदीवरूनच कळते.

या पद्धतीचे मोल परिचारिका जाणतात. तरीही अनेकींना ती ओझे वाटते. त्याचे कारण अनास्था नव्हे, मनुष्यबळ आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. प्रत्यक्षात हा हिशेब अनेक ठिकाणी कोलमडतो. मग पाळी संपताना सर्व रकाने एकदम भरले जातात. कागद पूर्ण होतो, आजींची कूस मात्र तशीच राहते.

येथे आपला हातभार मोलाचा ठरतो. दाखल करतानाच सिस्टरना सांगा: ऐकू कितपत येते, कवळी आहे का, रात्री लघवीसाठी किती वेळा उठावे लागते, कोणते औषध सोसत नाही, स्वतःच्या हाताने जेवता येते का. ही माहिती रक्ततपासणीत सापडत नाही आणि पहिली पायरी तिच्यावरच उभी असते. पाळी बदलताना सिस्टर एकमेकींना माहिती देत असतात. तेवढा वेळ त्यांना थांबवू नका. त्यानंतर विचारा, ‘सिस्टर, आज यांच्यासाठी काय ठरले आहे? त्यातले आम्ही काय करू?’ कूस बदलण्याची रीत त्यांच्याकडून शिकून घ्या, मगच हात लावा. घरी सोडताना हेच नियोजन लिहून मागा. कारण घरी आल्यावर ती शुश्रूषा आपल्यालाच करायची असते.