सुईने दुखणं कमी होतं, पण दुखणं कोणतं?



माझं माहेर सांगली, सासर सातारा. तीन वर्षांपूर्वी माझी कंबर अशी धरली की सामायिकाला 48 मिनिटं खाली बसणं जमेना. गोळ्यांनी पोटात जळजळ व्हायची. कॅप्सूलचं वेष्टण बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं. ते मनाला पटेना. हाडांच्या डॉक्टरांनी तपासून "नस दबलेली नाही" असं सांगितलं, तेव्हा मी अ‍ॅक्युपंक्चर घेतलं. केसासारख्या बारीक सुया टोचून वीस-पंचवीस मिनिटं पडून राहायचं. पोटात काहीच जात नाही, त्यामुळे उपवास मोडायचा प्रश्न नाही. दहा वेळा जाऊन आल्यावर मी पुन्हा मांडी घालून बसू लागले.

झालं! मी सगळ्यांना सल्ले वाटत सुटले. सांगलीच्या आक्काची मान दुखत होती. तिलाही फोनवर सांगितलं, "गोळ्या सोड, सुया घे." तिने चार महिने घेतल्या. मान हलकी वाटायची, पण हातातून कप निसटायचा, ब्लाउजचे हुक लागेनात, चालताना तोल जायचा. आक्का म्हणायची, "असातावेदनीय कर्माचा उदय आहे, भोगून संपवायचं." शेवटी भाचेसुनेने हट्टाने एमआरआय काढला. मानेत मज्जारज्जूच दबला होता. ऑपरेशन झालं, पण बोटांची ताकद पुरती आली नाही. सुया देणाऱ्यांनी हाताचं विचारलं नाही, आक्काने सांगितलं नाही. पण पहिला सल्ला माझा होता.

म्हणून मी सुईच्या विरोधात गेले का? नाही. आपल्या राज्यात 2015 चा अ‍ॅक्युपंक्चर कायदा आहे, केंद्र सरकारनेही 2019 मध्ये ही उपचारपद्धती मान्य केली. मी बी.कॉम. झालेली बाई, आकडे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या 1162 रुग्णांवरचा अभ्यास 2007 मध्ये आला. सहा महिन्यांनी नेहमीच्या औषध-व्यायामाने शंभरात 27 जणांना चांगला फरक पडला, सुयांनी 48 जणांना. पण मुद्दाम चुकीच्या जागी, वरवर टोचलेल्या सुयांनीही 44 जणांना! मी याचा अर्थ एवढाच लावते की सुईने दुखणं कमी होतं, पण त्यात जादू नाही. दबलेला मज्जारज्जू ती मोकळा करत नाही. उलट दुखणं कमी झालं की आपण गाफील राहतो.

आणि कर्माचं म्हणाल, तर उदय आपल्या हातात नाही, पण पुरुषार्थ आहे. तप आपण समजून-उमजून, नियम घेऊन करतो. घरच्यांना त्रास नको म्हणून दुखणं लपवणं हे तप नव्हे, ती शरीराची हयगय आहे. ज्या देहाने सामायिक करायचं, त्याची काळजी घेणं हाही धर्मच.

तेव्हा एवढं पाहा. हाता-पायात मुंग्या किंवा अशक्तपणा, तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, ताप, पडल्यानंतरचं दुखणं, पूर्वी झालेला कॅन्सर, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर, सुया नंतर. त्यातही लघवीचा ताबा सुटला किंवा पाय लुळे पडले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सुया देणाऱ्याची राज्याच्या परिषदेत नोंदणी आहे का, विचारा. दर वेळी नवीन पाकीट आपल्यासमोर फोडायला लावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पेसमेकर असेल तर ते आधी सांगा. आणि पाच-सहा वेळा जाऊनही फरक नसेल तर पैसे आणि वेळ तिथेच थांबवा.

आक्का आता जपमाळेचे मणी डाव्या हाताने ओढते. मला एका शब्दाने बोलली नाही. पण तेव्हापासून कुणी मान धरून आलं, की मी सुईचं नाव काढण्याआधी विचारते, "बाई, हातात कप नीट धरता येतो ना?"