वाचनयंत्र अडले तर : आधी जयणा, मग रीसेट

ज्ञानाची उपकरणे निगुतीने सांभाळावीत, हा जैन घरांतील जुना संस्कार आहे. कार्तिक शुद्ध पंचमीस, म्हणजे ज्ञानपंचमीला, श्वेतांबर परंपरेत पोथ्या झाडून-पुसून त्यांची पूजा होते. ज्येष्ठ शुद्ध पंचमीस दिगंबर समाज श्रुतपंचमी साजरी करतो व शास्त्रांना नवी वेष्टने घालतो. आता श्रावकाच्या कपाटात पोथीशेजारी ई-बुक रीडरही आला आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून ज्या परिसराला वाचनाची गोडी लावीत आले, तेथे लोकलच्या गर्दीतही एका हातात मावणारे हे यंत्र रुळावे, यात नवल नाही. २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तकांचे दालन उघडले. अक्षर हवे तेवढे मोठे करता येत असल्याने दृष्टी मंदावलेल्या वडीलधाऱ्यांचा स्वाध्यायही त्यामुळे सुकर झाला.

असे यंत्र एके दिवशी एकाच पानावर थिजते. बटण दाबले तरी हालत नाही. घरातील तरुण घाईने सारे पुसून नव्याने सुरू करू पाहतो, आणि आजोबांनी वर्षानुवर्षे केलेल्या खुणा व टिपणे क्षणात नाहीशी होतात. हानी टाळायची तर उपायांचा क्रम पाळला पाहिजे.

प्रथम विजेचा विचार करावा. ई-इंकच्या पडद्यावरील काळे-पांढरे कण एकदा जागेवर बसले की वीज नसतानाही तेथेच राहतात. म्हणून बॅटरी पूर्ण संपलेले यंत्रही पान दाखवीत राहते आणि बिघडल्यासारखे भासते. ते किमान तासभर चार्ज करावे. त्यानंतर किंडलचे पॉवर बटण सुमारे ४० सेकंद दाबून धरावे. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होते. या रीस्टार्टने एकही पुस्तक पुसले जात नाही.

तरीही दोष राहिला, तर यंत्राच्या अंतर्गत प्रणालीकडे, म्हणजे फर्मवेअरकडे वळावे. वाय-फाय जोडून यंत्र चार्जिंगला ठेवले की बहुधा अपडेट आपोआप येते. मात्र २०१२ वा त्यापूर्वीची किंडल यंत्रे २२ मार्च २०१६ पर्यंत अद्ययावत न केल्यास त्यांची इंटरनेट सेवा थांबणार होती. कपाटात विसरलेल्या अशा यंत्रात अपडेट हातानेच घालावे लागते. सेटिंग्जमध्ये मॉडेल आणि आवृत्ती पाहावी. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून नेमकी त्याच मॉडेलची फाइल संगणकावर उतरवावी. केबलने यंत्र जोडून ती फाइल कोणत्याही फोल्डरात न टाकता थेट मुळाशी ठेवावी व तिचे नाव बदलू नये. केबल रीतसर काढून सेटिंग्जच्या मेनूतील ‘अपडेट युवर किंडल’ निवडावे. काम पूर्ण होईपर्यंत बटणाला हात लावू नये.

फॅक्टरी रीसेट हा अखेरचा उपाय होय. त्याने यंत्रावरील सर्व मजकूर पुसला जातो आणि खात्याची नोंदही निघून जाते. विकत घेतलेली पुस्तके खात्यातून पुन्हा मिळतात, परंतु केबलने स्वतः घातलेली स्तोत्रे, पाठशाळेची पुस्तिका किंवा घरच्या पोथीचे स्कॅन परत येत नाहीत. म्हणून ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर आधी संगणकावर उतरवावा. टिपणे व खुणा असलेली ‘माय क्लिपिंग्ज’ ही फाइल त्यातच असते. आणखी एक खबरदारी महत्त्वाची आहे. वडिलांचे यंत्र पुष्कळदा परगावी असलेल्या मुलाच्या खात्यावर नोंदलेले असते. रीसेटनंतर त्या खात्याचा पासवर्ड लागतो. तो हाती नसेल, तर रीसेट करू नये.

प्रतीचे मोल जैन समाजाला नव्याने सांगावे लागत नाही. षट्खंडागमावरील धवला टीका मूडबिद्रीच्या ताडपत्रांत जपली गेली. तेथून प्रती उतरल्या, म्हणूनच १९३९ पासून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली ती छापून प्रसिद्ध होऊ शकली. एकाच जागी असलेला ग्रंथ वाळवीच्या वा पाण्याच्या एका आघाताने संपतो. यंत्रातील टिपणांनाही तोच नियम लागू आहे.

एवढे करूनही यंत्र सुरू झाले नाही, तर ते कचराकुंडीत टाकू नये. त्यातील लिथियम बॅटरी दबल्यास पेट घेऊ शकते, आणि तिच्यातील रसायने माती-पाण्यातील जीवांना अपाय करतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच गेल्या पाहिजेत. चालू शकणारे यंत्र मोडीत काढून नवे घेणे हा परिग्रहच. म्हणून नवे घेण्याआधी जुन्याला एक तास वीज, ४० सेकंद धीर आणि एक प्रत, एवढे तरी द्यावे.